फिडोनेट ते यूजनेट: पाय मोडलेल्या अक्षरांचा प्रवास

१४ जुलै २०२४ रोजी रविवारी दुपारी 'कोल्हापूर' हा शब्द यूजनेटच्या पद्धतीच्या सर्व्हरवरून निघून फिडोनेटच्या पद्धतीने चालणाऱ्या आमच्या छोट्या जाळ्यात पोहोचला आणि तेथून परत आला. यूजनेट आणि फिडोनेट ही संगणकांवरून चर्चेचे संदेश नेणारी दोन जुनी जाळी आहेत. 'कोल्हापूर'मधला ल आणि ह यांचा जोड शाबूत होता. एवढ्या एका शब्दासाठी जवळजवळ पाच महिने गेले. अशा दोन जाळ्यांमध्ये पूल बांधण्याबद्दलची कागदपत्रे इंग्रजीत भरपूर आहेत, पण ती ज्यांना सगळे आधीच ठाऊक आहे अशांनी एकमेकांसाठी लिहिलेली आहेत. म्हणून मी जे केले, जेथे अडले आणि जे खर्चले, ते क्रमाने लिहून ठेवत आहे.

सुरुवात २२ फेब्रुवारी २०२४ रोजी झाली. त्या दिवसापासून गूगल ग्रुप्सवर यूजनेटचे नवे संदेश येणे बंद झाले. आमच्या अभियांत्रिकीच्या काळातील सहा जणांची ओळख १९९५ च्या आसपास मोडेमवरून बीबीएसला (फोनवरून जोडता येणाऱ्या संदेशफलकाच्या संगणकाला) फोन लावण्याच्या नादातून झाली होती. रात्री उशिरा एसटीडीचा दर उतरला की फोन लावायचा, संदेश भराभर उतरवून घ्यायचे आणि फोन ठेवून मग निवांत वाचायचे, असा तो क्रम होता. आता आमच्यापैकी तिघे फिडोच्या पद्धतीचे जुने संपादक, म्हणजे संदेश वाचण्या-लिहिण्याचे प्रोग्रॅम, वापरतात, कारण त्यांना तेच आवडते. उरलेले आम्ही थंडरबर्ड या टपाल वाचण्याच्या प्रोग्रॅममधून यूजनेटच्या पद्धतीचा एक खासगी सर्व्हर वाचतो. दोन्हीकडे गप्पा त्याच, माणसेही तीच, पण एका बाजूचे पत्र दुसऱ्या बाजूला जात नसे. त्या निमित्ताने 'पूल बांधू या' असे मी बोलून गेले आणि काम माझ्याच गळ्यात पडले.

पूल का लागतो, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. फिडोनेट १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी अमेरिकेत सुरू केले. ते घरच्या संगणकांनी रात्री एकमेकांना फोन लावून पत्रांचे गठ्ठे देण्यासाठी होते. एकाच चर्चेची प्रत सर्व केंद्रांवर पोहोचवणारी 'इकोमेल' ही सोय त्यात डॅलसच्या जेफ रश यांच्यामुळे मागाहून आली. यूजनेट त्याआधीचे, १९७९-८० मधले. ते ड्यूक विद्यापीठाच्या परिसरातील युनिक्स यंत्रांवर वाढले. दोन्ही जाळी 'संदेश पुढच्याला दे आणि तोच पुन्हा आला तर ओळखून टाकून दे' हे एकच काम करतात, पण संदेश ओळखण्याची, पत्ता लिहिण्याची आणि ओळ संपवण्याची प्रत्येकाची रीत वेगळी आहे. त्यांना जोडणारी 'यूएफगेट'सारखी सॉफ्टवेअर १९८० च्या दशकातच लिहिली गेली. पुढे युनिक्ससाठी 'फिडोगेट' आले. मी फिडोगेट आधी वाचून काढले आणि नंतर आमच्या छोट्या गरजेपुरता पायथॉन या संगणकभाषेत स्वतःचा पूल लिहिला. कोणी विचारल्यास मी आजही फिडोगेटच वापरा असे सांगेन. स्वतः लिहिण्याचा हट्ट मला समजून घ्यायचे होते म्हणून होता.

३ मार्चला मी खऱ्या फिडोनेटवर 'पॉइंट', म्हणजे एखाद्या केंद्राच्या हाताखालचा सदस्य, होण्यासाठी एका परदेशी सिसॉपला (केंद्र चालवणाऱ्याला) पत्र लिहिले. पूर्ण नोड, म्हणजे स्वतःचे केंद्र, घ्यायचा झाल्यास तुमच्या विभागाच्या समन्वयकाकडे अर्ज करावा लागतो. १९८९ पासून लागू असलेल्या नियमावलीत अशा अर्जाला किमान दोन आठवडे धरा असे सांगितले आहे. फिडोनेटचे जग झोन नावाच्या मोठ्या भागांत विभागलेले आहे; आशियाचा सहावा झोन २००७ मध्येच मोडून त्यातले उरलेले नोड तिसऱ्या झोनमध्ये हलवण्यात आले, त्यामुळे 'आपला विभाग कोणता' येथूनच घोळ सुरू होतो. पॉइंटला हे काही लागत नाही. एखाद्या नोडचा मालक तयार असला की पुरे. मला उत्तर नवव्या दिवशी आले, आणि त्यात पत्ता, सत्राचा परवलीचा शब्द आणि पॅकेटचा परवलीचा शब्द एवढेच होते. पॅकेटच्या, म्हणजे संदेशांच्या गठ्ठ्याच्या, शीर्षकात परवलीच्या शब्दासाठी आठच बाइटांची (आठ रोमन अक्षरांची) जागा असते. मी आधी सुचवलेला बारा अक्षरी शब्द त्यांनी न बोलता छाटून पाठवला होता.

येथे पहिली अडचण आली ती घरच्या इंटरनेटची. फिडोचे आजचे मेलर, म्हणजे टपाल नेण्या-आणण्याचे प्रोग्रॅम, २४५५४ क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी घेतात, पण माझ्या घरच्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ताच नव्हता, त्यामुळे बाहेरून कोणी आत येऊ शकत नव्हते. पॉइंटला त्याने बिघडत नाही, कारण पॉइंट स्वतःच बाहेर जाऊन टपाल घेऊन येतो. आमच्या मित्रांच्या जाळ्यासाठी मात्र कोणीतरी बाहेरून येऊ शकेल असे ठिकाण हवे होते. मी महिना ४८० रुपयांचा एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला. संपूर्ण प्रकरणातील खरा खर्च तेवढाच. बाकी माझ्या जुन्या लॅपटॉपवर भागले.

२० मार्चला मी एका सार्वजनिक इकोच्या (इकोमेलवरील चर्चेच्या) नियंत्रकाला, त्यांचा इको आमच्या सर्व्हरवर वाचायला आणि उत्तर द्यायला जोडू का, असे विचारले. उत्तर २ एप्रिलला आले आणि ते नकाराचे होते. यूजनेटच्या बाजूला लोक टोपणनावाने लिहितात, त्यांच्या इकोमध्ये खरे नाव सक्तीचे आहे आणि पुलापलीकडच्या माणसाला समज देण्याचा कोणताही मार्ग त्यांच्या हाती राहत नाही, असे त्यांनी नीट समजावून लिहिले होते. मला त्या दिवशी वाईट वाटले, पण विचार केल्यावर त्यांचे म्हणणे पटले. पूल बांधणारा माणूस दोन्ही बाजूंच्या नियमांना बांधील असतो, आणि ते नियम परस्परविरोधी असले तर पूल चालवण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. परवानगीचे पत्र आधी पाठवा आणि प्रोग्रॅम नंतर लिहा, एवढे मी नक्की सांगेन. मी तेव्हापासून पूल आमच्या खासगी जाळ्यापुरताच ठेवला. या जाळ्याला फिडोच्या खऱ्या झोनशी टक्कर होणार नाही असा वेगळा झोन क्रमांक दिला. खासगी पत्रे ओलांडू द्यायची नाहीत, फक्त चर्चेचे संदेश न्यायचे, हेही त्याच आठवड्यात ठरवले.

एप्रिल महिना लिहिण्यात गेला. फिडोच्या मानकांपैकी एफटीएस-०००१, ०००४ आणि ०००९ ही तीन कागदपत्रे छापून घेऊन शेजारी ठेवली तर बरेच काम सोपे होते. तिन्ही छोटी आहेत. त्यांतून कळते की फिडोच्या संदेशात लेखकाच्या नावाला शेवटच्या शून्य बाइटसह ३६ बाइट, विषयाला ७२ बाइट आणि तारखेला २० बाइट मिळतात. इंग्रजीत हे ऐसपैस आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या आजच्या प्रचलित अक्षरसंकेतात तीन बाइट घेते, काना-मात्रा आणि हलंतही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात, त्यामुळे 'ज्ञानेश्वर' हे नाव एकटेच तीस बाइटांचे होते. मग एक मोकळी जागा आणि आडनावाचे पहिले अक्षर एवढेच मावते. विषयाची ओळ तेवीस चिन्हांत संपते. माझा पहिला प्रोग्रॅम ती ७१ व्या बाइटवर निर्दयपणे कापत असे आणि टोकाला अर्धे अक्षर लोंबकळत राहत असे. कापताना मागे सरकत पूर्ण अक्षरापर्यंत यायचे, हा बदल मी नंतर केला.

तारखेनेही दोन संध्याकाळी खाल्ल्या. फिडोच्या तारखेत वर्षाचे दोनच अंक असतात आणि वेळ कोणत्या देशातली आहे हे लिहिलेलेच नसते. पुण्याहून गेलेले संदेश यूजनेटच्या बाजूला साडेपाच तास भविष्यात दिसू लागले, आणि न्यू जर्सीतील मैत्रिणीने 'उद्याचं हवामान पण सांगून टाक' असे कळवले. यावर उपाय म्हणजे संदेशाच्या सुरुवातीच्या लपलेल्या ओळींत टीझेडयूटीसी ही ओळ टाकणे. आपल्यासाठी तिच्यात फक्त ०५३० लिहायचे, अधिकचे चिन्ह लिहायचे नाही. मी ते लिहिले होते, म्हणून आणखी एक संध्याकाळ गेली.

ओळखपत्राचा प्रश्न मात्र खरा गहन आहे. यूजनेटवर प्रत्येक लेखाला जगात एकमेव असा मेसेज-आयडी असतो, आणि उत्तरात आधीच्या सर्व पूर्वजांची साखळी लिहिलेली असते. फिडोमध्ये एमएसजीआयडी या ओळीत लेखकाच्या केंद्राचा पत्ता आणि आठ अंकी षोडशमान (सोळाच्या पायाचा, ज्यात ए ते एफ ही अक्षरेही अंक असतात) क्रमांक असतो. तो क्रमांक त्या पत्त्यावरून तीन वर्षे पुन्हा वापरायचा नाही असा नियम आहे. उत्तरात फक्त आईचा क्रमांक असतो, आजी-पणजीचा नसतो. त्यामुळे पुलाला एक वही ठेवावी लागते, म्हणजे प्रत्येक संदेशाचे दोन्हीकडचे क्रमांक शेजारी-शेजारी लिहिलेला तक्ता, ज्यातून पूर्वजांची साखळी पुन्हा जुळवता येते. मी हा तक्ता एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवला. तो हरवला तर सर्व जुन्या चर्चा पोरक्या होतात, म्हणून त्याची रोज एक प्रत निघते.

वही होती, पण मी ती नीट वाचत नव्हते, हे ११ मेच्या रात्री कळले. नाशिकच्या मित्राने रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी 'चाचणी' असा एका शब्दाचा संदेश फिडोच्या बाजूने लिहिला आणि झोपायला गेला. माझा प्रोग्रॅम दर दोन मिनिटांनी चालत असे. त्याने तो संदेश यूजनेटच्या बाजूला ठेवला, पण मेसेज-आयडी त्या क्षणीच्या वेळेवरून नवा बनवला. पुढच्या फेरीत त्यानेच ठेवलेला लेख त्याला नवा म्हणून सापडला. तो त्याने नव्या एमएसजीआयडीसह फिडोकडे पाठवला, तेथून तो पुन्हा इकडे आला, आणि हे सकाळी साडेसहापर्यंत चालू राहिले. मी उठले तेव्हा दोन्हीकडे 'चाचणी'च्या दोनशेवीस प्रती होत्या. हे सुरू झाले तेव्हा न्यू जर्सीत दुपार होती, आणि मैत्रिणीने मला फोनवर चार निरोप पाठवले होते. फोन उशाशी होता, पण आवाज बंद होता. मला खूप लाज वाटली, कारण हाच अपघात चाळीस वर्षांपूर्वीपासून लोकांना होत आला आहे आणि तो टाळण्याच्या युक्त्या मी स्वतः अधोरेखित करून ठेवल्या होत्या.

यूजनेटच्या प्रत्येक लेखात तो कोणकोणत्या सर्व्हरवरून आला हे पाथ या ओळीत लिहिलेले असते, आणि ज्या सर्व्हरचे नाव तेथे आधीच असेल त्याला तो लेख पुन्हा पाठवला जात नाही. फिडोत हेच काम सीन-बाय आणि पाथ या ओळी करतात, मात्र सीन-बायमध्ये फक्त नेट (नोडांचा स्थानिक गट) आणि नोड यांचे क्रमांक असतात, झोन नसतो आणि पॉइंटही नसतो. पुलाने या दोन्ही शिक्क्यांचा मान राखायचा असतो. मी तीन बदल केले. पुलाचे स्वतःचे नाव पाथमध्ये घातले आणि ते दिसले की संदेश तेथेच थांबवला. नवा क्रमांक वेळेवरून न बनवता मूळ ओळखपत्रावरून गणिताने काढला, म्हणजे एकच संदेश कितीही वेळा आला तरी क्रमांक तोच निघतो. आणि एका फेरीत वीसपेक्षा अधिक संदेश दिसले तर पुलाने स्वतःला बंद करून मला निरोप द्यावा अशी खुंटी ठोकली. ही तिसरी गोष्ट पहिल्या दिवशीच करा. साफसफाई यूजनेटच्या बाजूला रद्दीकरणाच्या संदेशांनी झाली. फिडोच्या बाजूला तशी सर्वमान्य सोय नाही, म्हणून तिघांना हाताने प्रती पुसाव्या लागल्या आणि मी तिघांनाही पेढे पाठवले.

एवढे होईपर्यंत आमचे सर्व चाचणी-संदेश इंग्रजीत किंवा रोमन लिपीतील मराठीत होते. ९ जूनला मी पहिला देवनागरी संदेश लिहिला. त्यात आम्हा सर्वांची गावे होती. संध्याकाळी कोल्हापूरच्या मित्राचा फोन आला. "अगं, तुझी जोडाक्षरं फुटलीत. पुणे, नाशिक, सातारा झकास आलंय. कोल्हापूर फुटलंय, रत्नागिरी फुटलीय, आणि महाराष्ट्राचं तर तुकडे-तुकडे झालंय." मला आधी फाँटचा संशय आला, मग लिपीची नोंद करणाऱ्या लपलेल्या ओळीचा, मग त्याच्या संपादकाचा. दोन शनिवार-रविवार मी चुकीच्या जागी खणत होते.

तिसऱ्या शनिवारी मी जे आधीच करायला हवे होते ते केले. निघालेला मजकूर आणि पोहोचलेला मजकूर बाइटनिहाय शेजारी मांडला. निघताना ६१२ बाइट होते, पोहोचले ५७८. चौतीस बाइट कमी. मजकुरातले हलंत मोजले तर एकतीस भरले. तीन कशाचे, हे कळायला आणखी अर्धा तास लागला. मी 'दुसर्‍या', 'सुर्‍या' असे लिहिताना माझा कळफलक र आणि य यांच्यामध्ये एक अदृश्य जोडचिन्ह टाकतो, आणि असे शब्द बरोबर तीन होते.

हलंत यूटीएफ-८ मध्ये, षोडशमान अंकांत सांगायचे तर, ई०, ए५, ८डी या तीन बाइटांनी लिहिला जातो. ते अदृश्य जोडचिन्ह ई२, ८०, ८डी असे लिहिले जाते. दोन्हींच्या शेवटी ८डी आहे. आणि एफटीएस-०००१ मध्ये एक वाक्य आहे, जे मी दोनदा वाचून सोडून दिले होते: ८डी म्हणजे 'मऊ' ओळसमाप्ती, आधीच्या एखाद्या प्रोग्रॅमने आपोआप ओळ मोडल्याची खूण, ती दुर्लक्षावी. वर्डस्टार या जुन्या लेखन-प्रोग्रॅमच्या काळातील ही पद्धत आहे. नाशिकच्या मित्राचा डॉसवरचा जुना टॉसर, म्हणजे आलेले संदेश वाटून पुढे पाठवणारा प्रोग्रॅम, हे वाक्य इमानदारीने पाळत होता आणि पुढे कोल्हापूरला पाठवताना प्रत्येक ८डी वगळत होता. त्याच्या दृष्टीने तो मजकुरातला कचरा होता. त्याने अक्षरांचे मोडलेले पाय उचलून टाकले होते.

ही अडचण आपल्या आधी रशियन लोकांनी भोगली आहे. त्यांच्या डॉसमधील अक्षरसंकेतात न या उच्चाराचे मोठे अक्षर नेमके ८डी होते, म्हणून रशियन फिडोत लोक त्याऐवजी हुबेहूब तसेच दिसणारे रोमन एच टंकत असत. हलंतासारखे दिसणारे दुसरे चिन्ह आपल्याकडे नाही. गंमत अशी की १९९१ च्या भारतीय मानकातील इस्की या अक्षरसंकेतात हलंत ई८ होता आणि त्या संकेतातील मराठी या जुन्या टॉसरमधून धडधाकट गेली असती. मराठी 'ॲ'देखील बचावला, कारण त्याचा शेवटचा बाइट बी२ आहे. हिंदी पद्धतीचा 'ऍ' लिहिणाऱ्याचा मात्र जाईल.

दुरुस्ती दोन प्रकारे केली. पहिली साधी होती आणि तीत प्रोग्रॅमची एक ओळही नव्हती: कोल्हापूरला जाणारे टपाल नाशिकमार्गे न नेता थेट सर्व्हरवरून नेले आणि नाशिकचे केंद्र साखळीच्या टोकाला ठेवले. मित्राला आपला टॉसर बदलायचा नव्हता, आणि त्याच्या पडद्यावर देवनागरी कधीच दिसणार नव्हती, त्यामुळे त्याचे काही बिघडले नाही. दुसरी दुरुस्ती त्याच्याकडून येणाऱ्या संदेशांसाठी लागली, कारण उत्तर देताना तो आमचा मजकूर उद्धृत करतो. ई० आणि ए५ यांच्यानंतर देवनागरीत तिसरा बाइट यायलाच हवा. तो नसून थेट पुढचे अक्षर सुरू होत असेल, तर हरवलेला बाइट ८डीच असणार, दुसरा असू शकत नाही. हाच न्याय ई२ आणि ८० यांना लागतो. म्हणून पूल अशी रिकामी जागा दिसली की तेथे ८डी परत घालतो. यात अंदाज नाही, म्हणून मी ती दुरुस्ती निर्धास्तपणे चालू ठेवली आहे. फक्त एक काळजी घ्यावी लागते: उद्धृत करताना जुना संपादक ओळ बाइट मोजून मोडतो आणि कधी कधी अक्षराच्या मधोमध मोडतो. तसे झाले तर पूल त्या ओळीला हात लावत नाही.

१४ जुलैला मी गावांची तीच यादी पुन्हा पाठवली. नाशिकच्या मित्राने ती उद्धृत करून खाली रोमन लिपीत 'मिळाले' एवढे लिहिले, आणि ते उत्तर पुलावरून माझ्या थंडरबर्डमध्ये आले तेव्हा कोल्हापूर, रत्नागिरी आणि महाराष्ट्र धड होते. 'ज्ञानेश्वर' असलेली ओळ मात्र मधोमध मोडून आली होती. तिच्यासाठी मी त्याला उद्धरणाची रुंदी कमी करायला सांगितली आहे, आणि तो 'बघतो' म्हणाला आहे.